स्लाइडवरचे फोटो आणि चौकोन जागेवर कसे बसवायचे

नागपुरातल्या आमच्या कॉम्प्युटर क्लासला काटोलकडून एक मुलगा येतो. घरची संत्र्याची बाग आहे. शेतकरी गटाच्या बैठकीत आंबिया बहाराबद्दल, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतल्या फुलोऱ्याबद्दल बोलायचं होतं, म्हणून त्याने एक स्लाइड करून आणली. बागेला ताण (म्हणजे पाणी तोडणं), फूल, फळ, तोडणी असे चार चौकोन, मधे बाण आणि वर संत्र्याचा फोटो. माहिती चोख होती. पण चौकोनांमधलं अंतर प्रत्येक ठिकाणी निराळं होतं, तिसरा चौकोन थोडा खाली घसरलेला होता आणि फोटोतलं संत्रं पपईसारखं लांबुळकं झालं होतं. तो म्हणाला, "ताई, मी तर डोळ्यानं बरोबर लावलं होतं, मग हे वाकडं काऊन दिसून राहिलं?"

डोळ्याने लावलं, म्हणूनच वाकडं दिसतं. लॅपटॉपवर दोन मिलिमीटरची चूक लक्षात येत नाही. पण नेहमीची स्लाइड ३३.८७ सेंटिमीटर रुंद असते आणि आठ फुटी पडद्यावर ती सात पटींहून मोठी होते. तिथे तेच दोन मिलिमीटर जवळपास दीड सेंटिमीटर होतात आणि मागच्या रांगेतल्या माणसालाही दिसतात. म्हणून मी नवीन मुलांना पहिल्या दिवशी एकच सांगते: माउसने अंदाजे ठेवा, पण जागेवर बसवायचं काम आकड्यांना आणि अलाइनच्या, म्हणजे वस्तू एका रेषेत आणणाऱ्या बटणांना द्या. डोळा शेवटी तपासायला वापरा.

त्याचीच स्लाइड आपण पहिल्यापासून करू. मी विंडोजवरचं पॉवरपॉइंट धरून सांगते आहे. लिबरऑफिस आणि गुगल स्लाइड्सबद्दल शेवटी थोडं सांगेन.

आधी कागद

काम सुरू करण्याआधी हॉलमधला प्रोजेक्टर कसा आहे ते विचारून घ्या. नवीन पॉवरपॉइंटमध्ये स्लाइड १६:९ या प्रमाणात उघडते, म्हणजे ३३.८७ गुणिले १९.०५ सेंटिमीटर. जुन्या हॉलमध्ये, शाळांमध्ये अजून ४:३ चे प्रोजेक्टर आहेत. त्या प्रमाणाची स्लाइड २५.४ गुणिले १९.०५ सेंटिमीटर असते. १६:९ ची स्लाइड ४:३ च्या प्रोजेक्टरवर लावली तर वर-खाली काळ्या पट्ट्या येतात, एवढंच. त्यात काही बिघडत नाही. बिघडतं ते शेवटच्या दिवशी 'डिझाइन' मधल्या 'स्लाइड साइझ' मध्ये जाऊन प्रमाण बदललं की. सगळं पुन्हा मांडावं लागतं. हा निर्णय पहिल्या पाच मिनिटांत घ्या आणि मग त्याला हात लावू नका.

नंतर 'होम' मधल्या 'लेआउट' वर जाऊन 'टायटल ओन्ली' निवडा. नवखे लोक ही पायरी गाळतात आणि मग फोटो स्वतःहून भलत्याच जागी जाऊन बसला म्हणून गोंधळतात. स्लाइडवर रिकामी चौकट पडून असेल तर पॉवरपॉइंट फोटो त्या चौकटीत नेऊन घालतं. चौकट फोटोसाठीचीच असेल तर तो कापूनही टाकतं. शीर्षक सोडून बाकी स्लाइड मोकळी असली की ही अडचण येत नाही.

समासही आताच ठरवा. मी चारही बाजूंनी दीड सेंटिमीटर सोडते. काही प्रोजेक्टरवर कडेचा थोडा भाग पडद्याबाहेर जातो, तेव्हा हा समास कामी येतो.

चार चौकोन

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यायचा. हे जमलं की बाकीची स्लाइड सोपी होते.

आधी कागदावर हिशेब करा, अगदी दोन ओळींचा. रुंदी ३३.८७, त्यातून दोन्हीकडचा समास मिळून ३ वजा केले की ३०.८७ उरतात. चार चौकोनांमध्ये तीन फटी येतात, प्रत्येकी एक सेंटिमीटर धरली तर उरले २७.८७. त्याचे चार भाग केले की एक चौकोन साधारण ६.९७ सेंटिमीटर रुंद येतो. उंची ४ ठेवू. खालचा समास सोडून वरून मोजलं तर चौकोनाची वरची कड १३.५५ वर येते.

आता 'इन्सर्ट' मधून 'शेप्स' मध्ये जा, आयत घ्या आणि कुठेही एक काढा. त्यावर उजवं क्लिक करून 'साइझ अँड पोझिशन' निवडा. उजवीकडे एक पट्टी उघडेल. 'साइझ' मध्ये उंची ४, रुंदी ६.९७ लिहा. 'पोझिशन' मध्ये 'हॉरिझॉन्टल' १.५ आणि 'व्हर्टिकल' १३.५५ लिहा. तिथे 'टॉप लेफ्ट कॉर्नर' पासूनचं माप आहे ना, ते बघून घ्या, कारण 'सेंटर' पासून मोजायचीही सोय तिथेच असते. तुमच्याकडे सेंटिमीटरऐवजी इंच दिसत असतील तरी घाबरू नका. आकड्यापुढे सेंटिमीटरची इंग्रजी खूण, म्हणजे सी आणि एम ही दोन अक्षरं लिहिली की पॉवरपॉइंट स्वतः इंचांत बदलून घेतं.

बाकीचे तीन चौकोन नव्याने काढू नका. पहिल्यावर क्लिक करून कंट्रोल आणि डी तीनदा दाबा. तिन्ही प्रती मापाने तंतोतंत सारख्या येतात. त्या थोड्या तिरप्या, एकावर एक पडतील, पडू द्या. त्यातली एक उचलून उजवीकडे न्या आणि तिची जागा आकड्याने पक्की करा: हॉरिझॉन्टल २५.४, व्हर्टिकल १३.५५. आता पहिला आणि चौथा असे दोन्ही टोकांचे चौकोन जागेवर बसले. मधले दोन नुसते मधे ओढून ठेवा, फक्त त्यांची वरची कड पहिल्याच्या वरच्या कडेपेक्षा वर जाऊ देऊ नका.

मग चारही निवडा. शिफ्ट धरून एकेकावर क्लिक करा, किंवा रिकाम्या जागेपासून माउस ओढून त्यांच्याभोवती घेरा टाका. घेऱ्यात चौकोन पूर्ण आला पाहिजे, कोपरा बाहेर राहिला तर तो निवडला जात नाही. आता 'होम', 'अरेंज', 'अलाइन' असं जा आणि यादीच्या तळाशी 'अलाइन सिलेक्टेड ऑब्जेक्ट्स' वर बरोबरची खूण आहे ना ते बघा. तिथूनच आधी 'अलाइन टॉप' आणि मग 'डिस्ट्रिब्यूट हॉरिझॉन्टली' करा.

या दोन बटणांमागचं काम समजून घ्या, म्हणजे पुढे चुकणार नाही. 'अलाइन टॉप' हे निवडलेल्यांपैकी सगळ्यात वर असलेल्या चौकोनाला धरून बाकीच्यांना त्याच्या रेषेत आणतं. म्हणून मधला एखादा चुकून वर राहिला असेल तर चौघेही वर जातात. 'अलाइन लेफ्ट' सगळ्यात डावीकडच्याला धरतं. 'डिस्ट्रिब्यूट' दोन्ही टोकांच्या चौकोनांना हात लावत नाही, मधल्यांना सरकवून फटी सारख्या करतं. त्यामुळे टोकं आधी आकड्याने बसवायची आणि मधलं काम बटणावर सोडायचं, हा क्रम उलटा करू नका.

आमच्या क्लासमध्ये दर महिन्याला कोणीतरी हमखास दोन ठिकाणी अडकतं. पहिलं म्हणजे चारही चौकोन निवडून 'अलाइन सेंटर' दाबणं. हे बटण सगळ्यांचे मध्य एकाच उभ्या रेषेवर आणतं, म्हणून आडव्या ओळीतले चौकोन एकमेकांवर चढतात आणि बघणाऱ्याला वाटतं तीन गायब झाले. आडव्या ओळीसाठी 'टॉप', 'मिडल' किंवा 'बॉटम' वापरायचं, उभ्या ओळीसाठी 'लेफ्ट', 'सेंटर' किंवा 'राइट'. दुसरं म्हणजे 'अलाइन टू स्लाइड' वर राहून गेलेली खूण. मग 'टॉप' म्हटलं की चौकोन थेट स्लाइडच्या वरच्या काठाला जाऊन चिकटतात आणि 'डिस्ट्रिब्यूट' केलं की स्लाइडच्या पूर्ण रुंदीवर पसरतात, आपण ठरवलेला समास मोडतो. दोन्ही वेळा कंट्रोल आणि झेड दाबा, खूण बदला आणि पुन्हा करा.

माउसने ओढताना लालसर तुटक रेषा दिसतात. हे स्मार्ट गाइड्स, शेजारच्या चौकोनाशी कड जुळली की ते सांगतात. दोन-तीन गोष्टी मांडताना मला ते आवडतात. पण स्लाइडवर दहा गोष्टी असल्या की ते प्रत्येकाशी जुळवू बघतात आणि चौकोन हिसके देत सरकतो. ओढताना ऑल्ट धरलं की हे खेचणं थांबतं. शिफ्ट धरून ओढलं तर वस्तू सरळ आडवी किंवा सरळ उभीच सरकते. कीबोर्डच्या बाणांनीही सरकवता येतं आणि कंट्रोल धरून बाण दाबले तर अगदी बारीक.

बाण

त्या मुलाच्या स्लाइडवरचे बाण नुसते रेषा म्हणून ठेवलेले होते. चौकोन हलवला की बाण जागेवरच राहायचा.

'शेप्स' मधून बाणाची रेषा निवडा आणि पहिल्या चौकोनाजवळ माउस न्या. चौकोनाच्या कडांवर बारीक ठिपके दिसतील. उजव्या कडेच्या मधल्या ठिपक्यावर दाबून दुसऱ्या चौकोनाच्या डाव्या कडेच्या मधल्या ठिपक्यापर्यंत ओढा. टोक ठिपक्याला जोडलं गेलं की ते हिरवं होतं. आता चौकोन कुठेही न्या, बाण सोबत जाईल. चौकोन एका रेषेत बसवलेले आहेत, म्हणून हे तिन्ही बाण आपोआप सरळ येतील. बाण तिरपा दिसला तर तो ओढत बसू नका, चौकोन पुन्हा अलाइन करा.

फोटो

गुगलवरून पहिला दिसला तो फोटो उचलू नका. तो कोणाचा आहे ते आपल्याला माहीत नसतं आणि बहुतेक वेळा तो लहानही असतो, पडद्यावर फुटतो. संत्र्याची बाग घरी असताना फोन आडवा धरून स्वतःच फोटो काढावा. एक मात्र बघा, व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान होतो. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा किंवा केबलने घ्या. पूर्ण पडद्याच्या फोटोला रुंदीत १९२० पिक्सेल पुरतात, आपला तर त्याच्या अर्ध्याहून कमी जागेत बसणार आहे.

'इन्सर्ट', 'पिक्चर्स', 'धिस डिव्हाइस' असं जाऊन फोटो आणा. त्याच्याभोवती आठ ठिपके येतात. चार कोपऱ्यांवर आणि चार कडांच्या मधोमध. कोपरा ओढला तर फोटोचं प्रमाण टिकतं. कडेचा मधला ठिपका ओढला तर फोटो ताणला जातो, आणि संत्र्याची पपई होते ती इथेच. फोटोच्या कडेच्या ठिपक्यांना हात लावायचाच नाही, असा नियम स्वतःला घाला. चौकोन-वर्तुळांचं मात्र वेगळं आहे. त्यांचा कोपरा ओढतानाही प्रमाण बदलतं, ते टिकवायला शिफ्ट धरावं लागतं. आधीच ताणलेला फोटो हाती आला असेल तर 'पिक्चर फॉरमॅट' मध्ये 'रिसेट पिक्चर अँड साइझ' आहे, त्याने मूळ प्रमाण परत येतं.

आता फोटो किती मोठा ठेवायचा? इथे चार चौकोनांचा उपयोग होतो. फोटोची डावी कड पहिल्या चौकोनाच्या डाव्या कडेशी आणि उजवी कड दुसऱ्या चौकोनाच्या उजव्या कडेशी जुळवायची. म्हणजे रुंदी दोन चौकोन आणि एक फट, ६.९७ अधिक १ अधिक ६.९७, एकूण १४.९४. उजवीकडचा मजकूर तिसऱ्या चौकोनाच्या डाव्या कडेपासून, म्हणजे १७.४४ वर सुरू करायचा. वरचं आणि खालचं एकाच आखणीत आलं की बघणाऱ्याला कारण कळत नाही, पण स्लाइड नीटनेटकी वाटते. माझ्या मते रंग, सावली, चकाकी या सगळ्यांपेक्षा ही एक गोष्ट स्लाइडला जास्त सुधारते.

रुंदी १४.९४ लिहिली की फोनच्या ४:३ फोटोची उंची आपोआप ११.२ च्या आसपास येते. आपल्याकडे शीर्षक आणि चौकोन यांच्या मधे ८ सेंटिमीटरच जागा आहे. उंची दाबून ८ करायची नाही, फोटो कापायचा. 'पिक्चर फॉरमॅट' मधलं 'क्रॉप' दाबा. कडांवर काळ्या जाड खुणा येतील. वरची आणि खालची खूण आत ओढा. क्रॉप चालू असताना खुद्द फोटो ओढला तर चौकट जागेवर राहते आणि आतला फोटो सरकतो, त्यामुळे संत्री नेमकी चौकटीच्या मधे आणता येतात. ही सोय बऱ्याच जणांना वर्षानुवर्षं ठाऊक नसते. उंची नेमकी ८ हवी असेल तर उजव्या पट्टीत फोटोच्या चिन्हाखाली 'क्रॉप' आहे, तिथल्या 'क्रॉप पोझिशन' मध्ये आकडा लिहा. शेवटी जागा द्या: हॉरिझॉन्टल १.५, व्हर्टिकल ४.५.

स्लाइडवर दोन-तीन फोटो असतील तर आधी सगळ्यांचं प्रमाण सारखं करा, 'क्रॉप' च्या खालच्या बाणातून 'ॲस्पेक्ट रेशो' मध्ये एकच प्रमाण निवडा. मग सगळे एकत्र निवडून उंची एकदाच लिहा. पुढे फोटो बदलायचा झाला तर जुना पुसू नका, उजवं क्लिक करून 'चेंज पिक्चर' घ्या. नवा फोटो जुन्याच जागी येतो.

कापलेला भाग फाइलमध्ये तसाच राहतो. नंतर मत बदललं तर तो परत मिळतो, हा फायदा. पण फाइल जड होते, आणि फोटोत कोणाचा चेहरा किंवा गाडीचा नंबर कापला असेल तर फाइल मिळणारा तो उघडून बघू शकतो. काम पक्कं झालं की 'कॉम्प्रेस पिक्चर्स' मध्ये जाऊन 'डिलीट क्रॉप्ड एरियाज ऑफ पिक्चर्स' वर खूण करा. पडद्यासाठी १५० पीपीआय, म्हणजे एका इंचात १५० पिक्सेल, पुरतं.

चौकोनातलं मराठी

हा भाग इंग्रजीतल्या मार्गदर्शकांत सापडत नाही आणि आपल्याला तर रोज लागतो.

देवनागरीत वर वेलांटी आणि रफार, खाली उकार. त्यामुळे त्याच आकाराच्या इंग्रजी अक्षरांपेक्षा ओळीला जास्त उंची लागते. चौकोनात काठोकाठ मजकूर भरला तर शेवटच्या ओळीचा उकार कडेला टेकतो. पॉवरपॉइंट चौकोनाच्या आत डावी-उजवीकडे पाव सेंटिमीटर आणि वर-खाली ०.१३ सेंटिमीटर मोकळी जागा सोडतं. उजव्या पट्टीत 'टेक्स्ट ऑप्शन्स' मध्ये जाऊन वर-खालची ०.२५ करा.

तिथेच तीन पर्याय आहेत, ते नीट बघा. 'रिसाइझ शेप टू फिट टेक्स्ट' चालू असेल तर जास्त लिहिलं की चौकोन स्वतः वाढतो आणि आपण मेहनतीने केलेली सारखी मापं मोडतात. 'श्रिंक टेक्स्ट ऑन ओव्हरफ्लो' ने अक्षर लहान होतं, मग चार चौकोनांत चार आकारांची अक्षरं दिसतात. चौघांनाही 'डू नॉट ऑटोफिट' द्या आणि मावत नसेल तर शब्द कमी करा. 'ताण: डिसेंबर', 'फूल: जानेवारी-फेब्रुवारी', 'तोडणी: ऑक्टोबरपासून' एवढं पुरतं. बाकीचं तोंडाने सांगायचं असतं.

फॉन्ट युनिकोडच, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठी मराठीच दिसेल असा असावा, मंगल किंवा निर्मला. डीटीपीच्या दुकानातून शिवाजी किंवा कृतिदेवमध्ये टाइप करून आणलेला मजकूर ज्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नाही तिथे निरर्थक इंग्रजी अक्षरांसारखा दिसतो. एका कार्यक्रमात हॉलच्या कॉम्प्युटरवर असंच झालं होतं. बोलणाऱ्या बाईंनी पंधरा मिनिटं स्लाइडकडे पाठ करून सांगितलं. त्यांची तयारी किती होती हे मला माहीत होतं, म्हणून ते फार लागलं.

एकावर एक

फोटोवर नाव लिहायचं असतं, पण लिहिलेलं फोटोखाली जातं. प्रत्येक नवी वस्तू आधीच्या वर ठेवली जाते, पत्त्यांच्या गड्डीसारखी. फोटोवर उजवं क्लिक करून 'सेंड टू बॅक' करा. खाली दडलेली वस्तू माउसला सापडत नसेल तर टॅब दाबत राहा, एकेक करून सगळ्या निवडल्या जातात. किंवा ऑल्ट आणि एफ१० दाबून 'सिलेक्शन पेन' उघडा. स्लाइडवरच्या प्रत्येक वस्तूची यादी तिथे दिसते. 'रेक्टँगल ७' सारखी नावं पुसून 'ताण', 'फूल' अशी आपली नावं द्या. डोळ्याच्या खुणेने वस्तू तात्पुरती लपवताही येते.

चौकोन आणि बाण पक्के बसले की सगळे निवडून कंट्रोल आणि जी दाबा, त्यांचा एक गट होतो आणि एकत्र हलतो. गटातल्या एकाच चौकोनात बदल करायचा असेल तर गट सोडवायची गरज नाही. त्या चौकोनावर आणखी एकदा क्लिक करा.

फिरवणं, उलटं करणं याला मी फार वेळ देत नाही. वरच्या गोल खुणेने वस्तू फिरते, शिफ्ट धरलं तर १५-१५ अंशांनी. तिरपा फोटो लग्नाच्या पत्रिकेत शोभतो, बहाराच्या स्लाइडवर नाही.

दुसरी सॉफ्टवेअरं

लिबरऑफिस इम्प्रेसमध्ये वस्तू निवडून एफ४ दाबलं की जागा आणि माप दोन्ही एकाच खिडकीत मिळतात. 'कीप रेशो' वर खूण ठेवा. गुगल स्लाइड्समध्ये 'अरेंज' खाली 'अलाइन' आणि 'डिस्ट्रिब्यूट' आहेत, आकडे 'फॉरमॅट ऑप्शन्स' मध्ये. पण तिथली १६:९ स्लाइड २५.४ गुणिले १४.२९ सेंटिमीटरची असते, म्हणून वरचे आकडे तसेच्या तसे उतरवू नका, तोच हिशेब त्या रुंदीवर करा.

निघण्याआधी

कंट्रोल आणि ए दाबा. स्लाइडवरच्या सगळ्या वस्तूंभोवती ठिपके दिसतील, त्यात विसरलेल्या रिकाम्या चौकटी आणि स्लाइडबाहेर पडलेले तुकडेही सापडतील. ते पुसा. मग शिफ्ट आणि एफ५ दाबून स्लाइड पूर्ण पडद्यावर लावा आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहा. आता डोळ्याचं काम. कड कुठे खटकते, कोणतं अक्षर वाचता येत नाही, ते तिथून दिसेल.

शेवटी 'सेव्ह ॲज' मधून एक पीडीएफ प्रतही करा आणि मूळ फाइलबरोबर पेनड्राइव्हवर ठेवा. पीडीएफमध्ये फॉन्ट आणि मांडणी हलत नाही. काटोलच्या त्या मुलाने बैठकीत तीच लावली, कारण तिथल्या लॅपटॉपवर पॉवरपॉइंट नव्हतंच.